झेपेल का? – बँकेत संगणक आला तेव्हाची गोष्ट

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण झाली. स्मरणिका समितीच्या मंडळींनी मला सांगितलं, "काका, तुम्ही बँकेतले, काहीतरी जुनं लिहा." जुनं म्हणजे काय लिहावं, असा विचार करताना गेल्या वर्षीची आपली वार्षिक सभा आठवली. गेटवरचं येणाऱ्या-जाणाऱ्यांचं रजिस्टर बंद करून सगळं मोबाइल ॲपवर न्यायचं, असा विषय होता. मी उठून एवढंच विचारलं, "हे आपल्याला झेपेल का?" एक तरुण सभासद हसून म्हणाले, "काका, जग कुठं गेलं!" त्यांचं खोटं नव्हतं. पण माझा प्रश्न नव्या गोष्टीच्या विरोधातला नव्हता. तो प्रश्न न विचारल्याची किंमत मी एकदा पाहिली आहे, आणि चूक माझीच होती. म्हणून बँकांमध्ये संगणक कसा आला, त्याची ही हकिगत लिहितो.

मी १९७३ साली क्लार्क म्हणून बँकेत लागलो. फोर्टमधली शाखा. राहायला डोंबिवलीत, त्यामुळे सकाळची लोकल आणि रात्रीची लोकल यांच्यामध्ये लेजर, असं आयुष्य. लेजर म्हणजे दोन हातांनी उचलावी लागणारी जाडजूड खतावणी. ग्राहकानं चेक दिला की त्याला पितळी टोकन मिळायचं. चेक लेजरवाल्याकडे जायचा, तो खातं उघडून शिल्लक बघायचा, नोंद करायचा, मग अधिकारी सही ताडून बघायचा, आणि शेवटी चेक कॅशियरकडे. तोवर ग्राहक बाकावर बसून टोकनाशी चाळा करत असे.

सगळ्यात मोठं काम व्याजाचं. बचत खात्यावर व्याज कसं मोजत असत, हे आजच्या मुलांना सांगितलं तर पटत नाही. महिन्याच्या दहा तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असेल, तेवढ्यावरच त्या महिन्याचं व्याज. म्हणजे तुम्ही अकरा तारखेला दहा हजार भरलेत, तरी त्या महिन्यात त्यावर एक पैसाही नाही. लोकांना वाटायचं बँक लबाड आहे. पण हजारो खात्यांची रोजच्या रोज शिल्लक धरून हातानं व्याज काढणं कुठल्याच शाखेला शक्य नव्हतं. नियम माणसाच्या हाताला झेपेल असाच केलेला होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे.

१९६९ च्या १९ जुलैला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, १९८० साली आणखी सहांचं. गावोगाव शाखा उघडल्या, खाती वाढली. कामाचा डोंगर झाला, पण पद्धत तीच. महिन्याचं बॅलन्सिंग मागे पडू लागलं. एका शाखेनं दुसऱ्या शाखेवर काढलेल्या रकमांचा ताळमेळ महिनोन्महिने लागत नसे. बॅलन्सिंग मागे राहिलं की अफरातफरीला वाव मिळतो, हे बँकेतल्या प्रत्येकाला माहीत होतं. काहीतरी केलं पाहिजे यावर एकमत होतं. काय करायचं, यावर नव्हतं.

कागदावर उपाय बरेच होते. एक, माणसं वाढवा. दुसरा, शहरात एक मोठा संगणक ठेवा आणि संध्याकाळी सगळ्या शाखांची व्हाउचर्स तिथे पाठवा. तिसरा, प्रत्येक मोठ्या शाखेत छोटं यंत्र द्या, त्यानं फक्त त्या शाखेचं काम करावं. चौथा, सगळ्या शाखा तारेनं एकमेकींना जोडा, म्हणजे खातं कुठेही असो, पैसे कुठेही मिळतील. चौथा उपाय सर्वांत चांगला हे शेंबडं पोरही सांगेल. पण त्या काळी डोंबिवलीहून नागपूरला बोलायचं तर ट्रंक कॉल लावून तासन्‌तास बसावं लागत होतं. जिथे माणसाचा आवाज धड पोचत नाही, तिथून खात्यांचे आकडे कसे जाणार? म्हणजे उपाय यंत्रामुळे अडला नव्हता, टेलिफोनमुळे अडला होता.

आणखी एक अडचण होती, माणसांची. यंत्र आलं की नोकऱ्या जाणार ही भीती खरी होती. साठच्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कलकत्त्याच्या कचेरीत संगणक बसवायला कर्मचाऱ्यांनी मोठा विरोध केला होता. हा प्रश्न इतका तापला की केंद्र सरकारनं स्वयंचलित यंत्रांबाबत एक समिती नेमली, आणि तिचे अध्यक्ष होते आपल्या पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर. तिचा अहवाल १९७२ चा. मी स्वतः युनियनचा सभासद होतो, 'ऑटोमेशन हटाव'चा बिल्ला लावून काम केलेलं आहे. आज काही जण त्या विरोधाला वेडेपणा म्हणतात. मी म्हणत नाही. घरात एक मिळवता आणि खाणारी सहा तोंडं असताना ही भीती वेडेपणाची नसते.

या पार्श्वभूमीवर १९८३ साली रिझर्व्ह बँकेनं डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ते तेव्हा डेप्युटी गव्हर्नर होते, पुढे गव्हर्नर झाले. १९८४ साली अहवाल आला. मला त्या समितीचं मोठेपण कशात वाटतं सांगतो. सर्वांत चांगला उपाय कोणता, एवढ्यावर ती थांबली नाही. आत्ता, या देशात, या शाखांमध्ये, या माणसांकडून काय होईल, हे तिनं पाहिलं. शाखेत छोटी यंत्रं, विभागीय कार्यालयात त्याहून मोठी, आणि मुख्य कार्यालयात मोठा संगणक, अशी तीन पायऱ्यांची रचना सुचवली. शाखेतल्या यंत्राचं नाव काय, तर 'ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन', थोडक्यात एएलपीएम. दिसायला आणि वागायला तो संगणकच. पण नाव लेजर लिहिणाऱ्या यंत्राचं. समितीच्या नावातही शब्द होता 'यांत्रिकीकरण'. 'संगणकीकरण' हा शब्द आला तो १९८८ साली, डॉ. रंगराजन यांच्याच दुसऱ्या समितीच्या वेळी. मधल्या पाच वर्षांत लोकांची भीती थोडी ओसरली होती, म्हणूनच तो शब्द वापरता आला.

सप्टेंबर १९८३ मध्ये बँका आणि युनियन यांच्यात यंत्रांबाबत करार झाला होता. यंत्रावर काम करणाऱ्याला विशेष भत्ता आला. पुढे १९८७ आणि १९९३ च्या करारांनी वाट रुंद केली. वरवर पाहता हा वेळकाढूपणा वाटेल. पण ज्यांच्या हातून काम व्हायचं आहे त्यांना बरोबर घेतल्याशिवाय कुठलीच यंत्रणा चालत नाही.

त्याच दशकात चेकचंही असंच झालं. मोठ्या शहरांत रोज येणारे चेक हातानं वेगळे करणं अशक्य होत चाललं होतं. यंत्रानं वाचायचे, तर कसे? लोक चेकची घडी घालून खिशात ठेवतात, टाचणी लावतात, त्यावर बँकेचे शिक्के पडतात. साध्या शाईतला आकडा शिक्क्याखाली गेला की यंत्राला दिसेनासा होतो. म्हणून चुंबकीय शाई निवडली. शिक्का वर पडला तरी यंत्र तिचं चुंबकत्व ओळखतं. चेकच्या तळाशी पांढरी पट्टी असते आणि तिथे लिहू नका म्हणून सांगतात, ते यासाठी. त्यातला नऊ आकडी क्रमांक पाहा: पहिले तीन आकडे शहराचे, पुढचे तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. मुंबईला ४००, पुण्याला ४११, म्हणजे पिनकोडाचेच पहिले तीन आकडे. नवं काही पाठ करायला नको. लोकांच्या सवयी गृहीत धरून निवडलेला उपाय असा टिकतो.

आता माझी चूक.

१९८४ साली मी अधिकारी झालो आणि १९८८ च्या सुमारास विभागीय कार्यालयात नियोजनाच्या टेबलावर आलो. कोणत्या शाखांना आधी एएलपीएम द्यायची, याचं टिपण करायचं काम माझ्याकडे होतं. मी एक तक्ता केला. रोजची व्हाउचर्स किती, खाती किती, जागा आहे का, वीज आहे का, शिकलेला माणूस आहे का. शाखांना पत्रं पाठवली, उत्तरं आली, तक्ता भरला. मराठवाड्यातली एक तालुक्याची शाखा व्हाउचर्सच्या संख्येत सगळ्यांच्या वर होती. वीज? "कनेक्शन आहे." माणूस? "एक क्लार्क प्रशिक्षण घेऊन आला आहे." मी प्रत्येक रकान्यात 'सोय आहे' असं लिहिलं आणि त्या शाखेला पहिला क्रमांक दिला. हाताचं लेजर आणि यंत्र तीन महिने बरोबरीनं चालवावं, मग लेजर बंद करावं, अशी शिफारस केली. टिपण नीटनेटकं होतं. साहेबांनी शाबासकी दिली. मी त्या शाखेत पाऊलही ठेवलं नव्हतं.

यंत्र गेलं. त्याच्यासाठी काचेची खोली झाली, गालिचा आला, आत जाताना चपला बाहेर. आठवड्यात तक्रारी सुरू झाल्या. विजेचं कनेक्शन होतं, पण वीज किती तास असते हे मी विचारलंच नव्हतं. बॅटरी अर्धा तास टिकायची. दिवसाचं काम संपवताना मध्येच वीज गेली की सकाळपासूनचं सगळं पुन्हा भरायचं. दुरुस्तीचा माणूस औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून यायचा, आला तर दोन दिवसांनी. आणि तो एकमेव शिकलेला क्लार्क चार महिन्यांत बदली होऊन गेला. बदलीचा आदेशही आमच्याच कार्यालयातून निघालेला, शेजारच्या टेबलावरून.

तीन महिन्यांचं दुहेरी काम जवळजवळ वर्षभर चाललं. दिवसभर लेजर, संध्याकाळी वीज आली की यंत्र. हे ओझं मुख्यतः एका माणसाच्या खांद्यावर पडलं, तिथल्या हेडक्लार्कच्या. सगळे त्यांना अण्णा म्हणत. पन्नाशी उलटलेली, अक्षर मोत्यासारखं.

मुदत टळून गेल्यावर विभागीय कार्यालयानं शाखेला स्मरणपत्र पाठवलं: हाताचं लेजर अजून बंद का नाही? त्यावर मसुदा माझा होता. शाखेचं उत्तर आलं नाही. तेव्हा साहेबांनी मलाच पाठवलं.

मी पोचलो तो आठवडी बाजाराचा दिवस होता. शाखेत पाय ठेवायला जागा नव्हती. एक म्हातारी बाई काउंटरवर उभी होती. मुलीच्या बाळंतपणासाठी तिला पाचशे रुपये काढायचे होते. यंत्राच्या छापील यादीत तिच्या खात्यावर साठ-सत्तर रुपयेच दिसत होते. काउंटरवरच्या नव्या मुलानं नियमाप्रमाणे सांगितलं, "आजी, पैसे नाहीत खात्यात." ती काही बोलली नाही. पासबुक तसंच पुढे धरून उभी राहिली. अण्णा मागून आले, त्यांनी मोठं लेजर काढलं, पान उघडलं. तिनं आठवड्यापूर्वी भरलेले सहाशे रुपये तिथे शाईनं लिहिलेले होते. यंत्रात खाते क्रमांकाचे दोन आकडे उलटसुलट झाले होते आणि पैसे दुसऱ्याच्या नावावर गेले होते. रात्री अकराला, दिवसाचं काम दुसऱ्यांदा भरताना झालेली चूक. आजीला पैसे मिळाले.

माझ्या टिपणाप्रमाणे वागले असते तर ते लेजर सहा महिन्यांपूर्वीच बंद होऊन माळ्यावर गेलं असतं.

संध्याकाळी चहा घेताना मी अण्णांना म्हटलं, "तुम्हाला यंत्र नकोच असेल ना?" ते म्हणाले, "साहेब, मशीन चांगलं आहे. मला तर व्याजाच्या रात्री आठवतात, मी कशाला नको म्हणू? पण टिपण करायच्या आधी एक बाजाराचा दिवस तुम्ही इथं येऊन बसला असता, तर बरं झालं असतं." आवाजात राग नव्हता. त्यामुळे ते जास्त लागलं.

परत येऊन मी दुसरं टिपण लिहिलं, त्यात आधीच्या टिपणात काय चुकलं ते स्वतःच्या सहीनं लिहिलं. जनरेटर आणि दोन माणसांचं प्रशिक्षण होईपर्यंत त्या शाखेत लेजर चालू राहावं, आणि प्रशिक्षित माणसाची दोन वर्षं बदली करू नये, असं सुचवलं. साहेब खूश झाले नाहीत, पण मंजूर केलं. दीड वर्षानं त्या शाखेत सहामाही व्याज एका संध्याकाळीत निघालं. प्रशिक्षण घेतलेल्या दोघांत एक अण्णा होते, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी. शिकायची इच्छा त्यांना पहिल्यापासून होती. विचारलं कोणी नव्हतं, कारण माझ्या तक्त्यात वयाचा रकाना होता आणि इच्छेचा नव्हता.

पुढचा इतिहास आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला आहे. १९९८ साली केंद्रीय दक्षता आयुक्त एन. विठ्ठल यांनी फर्मान काढलं की १ जानेवारी २००१ पर्यंत बँकांनी सत्तर टक्के व्यवसाय संगणकावर आणावा. कारण तेच, मागे पडलेल्या हिशेबात दडणारी अफरातफर. त्यानंतर कायदा मागून आला. बँकेच्या वह्या पुरावा म्हणून कशा धरायच्या, याचा कायदा १८९१ चा. संगणकाच्या प्रतीला त्यात नीट जागा मिळाली ती २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानं. त्याच सुमारास स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि देशभरात एक लाखाहून अधिक बँक कर्मचारी बाहेर पडले. यंत्रानं नोकऱ्या खाल्ल्या की नाही, याचं एका वाक्यात उत्तर मला देता येत नाही. कामावरून कोणाला काढलं नाही, पण पुढच्या पिढीसाठी क्लार्कच्या जागा पूर्वीसारख्या निघाल्या नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलं. भीती अगदीच निराधार नव्हती.

मग कोअर बँकिंग आलं. १९८४ साली जो चौथा उपाय अशक्य होता, तो वीस वर्षांनी शक्य झाला, कारण मधल्या काळात तारा पोचल्या, माणसं शिकली, कायदा बदलला. उपाय तोच होता. वेळ आली नव्हती.

आणि ते व्याज? मी ३१ मार्च २०१० ला निवृत्त झालो. दुसऱ्याच दिवशी, १ एप्रिलपासून, बचत खात्यावर रोजच्या शिल्लकेवर व्याज मोजायचा रिझर्व्ह बँकेचा नियम लागू झाला. सदतीस वर्षं लोकांना "तसं करणं जमत नाही" असं सांगत आलो, आणि मी घरी बसलो त्या दिवशी ते जमलं. मला वाईट नाही वाटलं. बरंच वाटलं. यंत्राचं खरं देणं हेच.

एवढ्या वर्षांच्या अनुभवातून माझ्याकडे पाच साधे प्रश्न उरले आहेत. पुस्तकात याला व्यवहार्यता तपासणं म्हणतात. जमेल का, म्हणजे यंत्र, वीज, तार आहे का. परवडेल का, आजचाच नव्हे, दरवर्षीचा खर्च. ज्याच्या हातून व्हायचं त्याला झेपेल का. कायद्यात बसेल का. आणि दिलेल्या मुदतीत होईल का. सहावा मी स्वतःचा घातला आहे: बंद पडलं तर त्या दिवशी काय करायचं? या प्रश्नांची उत्तरं पत्र पाठवून मिळत नाहीत. जिथे काम होतं तिथे जाऊन बसावं लागतं.

आपल्या गेटच्या ॲपचं पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहेच. सभेनंतर आपले सेक्रेटरी दोन संध्याकाळी वॉचमनच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. तेव्हा कळलं की रात्रपाळीच्या वॉचमनकडे साधा फोन आहे, कामाला येणाऱ्या सात-आठ बायकांकडे फोनच नाही, आणि तळमजल्यावरच्या आजींना घंटी ऐकू येत नाही. म्हणून आधी फक्त 'बी' विंगला ॲप सुरू केलं, सोसायटीनं गेटवर एक फोन घेऊन दिला आणि रजिस्टर चालू ठेवलं. आता तिन्ही विंगला ॲप आहे आणि ते छान चालतं, मीही वापरतो. रजिस्टर अजून वॉचमनच्या टेबलावर आहे. मागच्या पावसाळ्यात दोन दिवस नेट गेलं तेव्हा त्याचाच उपयोग झाला.

पुढच्या पंचवीस वर्षांत आपल्यासमोर सोलर येईल, गाड्यांचं चार्जिंग येईल, कधीतरी पुनर्विकासही येईल. तोवर निर्णय घेणारी मंडळी तुम्ही असाल, मी नसेन. नव्याला जरूर हो म्हणा. फक्त हो म्हणण्याआधी एक बाजाराचा दिवस तिथे जाऊन बसा, एवढीच या म्हाताऱ्याची विनंती.